उभ्या उभ्या गेलेले इंजिन पुन्हा बांधताना

पालघर, बोईसर, चिंचणी, तारापूर या पट्ट्यात पडवीत किंवा वाडीतल्या मांडवात ताडपत्रीखाली उभी असलेली जावा, येझदी, राजदूत, बुलेट किंवा आरएक्स १०० नवलाची नाही. ती चालू करायचे घरात ठरले की सल्ल्यांना सुरुवात होते. कोणी म्हणते गिअर टाकून धक्का मारा, कोणी म्हणते बोअर करून पिस्टन-किट टाका, कोणी म्हणते दुसरे इंजिनच बसवा. आणि एखादा सांगतो की पंधरा वर्षांपुढची गाडी आता भंगारातच जाणार, खर्च कशाला करता? वाचकांचे प्रश्न या चार सल्ल्यांभोवतीच फिरत असतात. निर्णय घ्यायला जेवढे लागते तेवढेच इथे सांगतो.

माझे मुख्य म्हणणे असे, की धावून झिजलेले इंजिन वेगळे आणि उभे राहून गेलेले इंजिन वेगळे. आपल्याकडची दुरुस्तीची रीत पहिल्या प्रकारावर बसलेली आहे. धूर आला की रिंगा, आवाज आला की कनेक्टिंग रॉड, पिकअप गेला की बोअर. रोज चालणाऱ्या गाडीला ती बरोबर लागू पडते. पण समुद्रापासून काही किलोमीटरवर, खाऱ्या दमट हवेत वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनाचे नुकसान घासून होत नाही, गंजून होते. आणि गंज नेमका तिथे धरतो जिथे किट पोहोचत नाही. क्रँकच्या बेअरिंगमध्ये, कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या, म्हणजे बिग एंडच्या, रोलरखाली, अ‍ॅल्युमिनियमच्या केसमध्ये रुतलेल्या लोखंडी स्टडभोवती. म्हणून नवा पिस्टन टाकून चालू केलेली गाडी थोडे दिवस छान चालते, मग खालून खडखड सुरू होते आणि तेच इंजिन दुसऱ्यांदा उघडावे लागते. तो दुसरा खर्च टाळायचा असेल तर क्रम उलटा करायला हवा: आधी कागद, मग पूर्ण उघडणे, मग मोजमाप, आणि पैसे शेवटी.

आधी कागद

इंजिनाला हात लावण्याआधी गाडी कायद्याने रस्त्यावर येऊ शकते का, हे पाहा. वयामुळे खासगी दुचाकी आपोआप भंगारात काढण्याचा नियम महाराष्ट्रात नाही. दहा-पंधरा वर्षांच्या बंदीच्या ज्या बातम्या तुम्ही वाचता त्या दिल्ली आणि तिच्या परिसराच्या आहेत. आपल्याकडे पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी तपासणीला नेऊन, पर्यावरण कर आणि शुल्क भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. शुल्काचे आकडे अलीकडे बदलले आहेत. परिवहन पोर्टलवरचा त्या दिवशीचा आकडाच खरा धरा, एजंटचा नव्हे.

अडचण बहुधा नोंदीची असते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. एमएच-४८ ही वसई कार्यालयाची मालिका आहे, पण जुनी गाडी बहुतेक ठाण्याच्या एमएच-०४ मालिकेतली असते, किंवा १९८९ च्या आधीची, एम अक्षराने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी मालिकेतली. अशा गाड्यांची नोंद कधी कधी संगणकात चढलेलीच नसते. मूळ कार्यालयातल्या नोंदवहीवरून ती चढवून घ्यावी लागते, तिला तिथे बॅकलॉग एंट्री म्हणतात. ते होण्याआधी इंजिनावर खर्च करू नका. पाहायचे ते असे:

- चेसिस आणि इंजिन क्रमांक आरसी पुस्तकाशी अक्षरशः जुळतात का. कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या.
- आरसी हरवले असेल तर पोलिसांत नोंद आणि फॉर्म २६. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावे फॉर्म ३१.
- विमा. किमान तृतीय पक्ष विमा आणि चालू नोंदणी नसताना सार्वजनिक रस्त्यावर ट्रायल घेणे हा गुन्हा आहे, मग ती गल्लीच्या टोकापर्यंत का असेना.

'व्हिंटेज' नोंदणीचा मोह अनेकांना होतो. १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकीला ती मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. रविवारी केळव्याला किंवा डहाणूला जायचे असेल तर साधे नूतनीकरणच बरे, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय १९७८ मध्ये आलेली येझदी रोडकिंग २०२८ आधी आणि १९८५ ची आरएक्स १०० २०३५ आधी या नियमात बसतच नाही.

पहिली किक मारू नका

जाम इंजिन सोडवायला गाडी गिअरमध्ये ढकलणे किंवा किकवर उभे राहणे हा सर्वांत महागडा उपाय आहे. टू-स्ट्रोकमध्ये गंजाने चिकटलेली रिंग जोर लावल्यावर तुटते आणि तिचा तुकडा पोर्टच्या कडेत अडकून सिलिंडर ओरबाडतो. फोर-स्ट्रोक बुलेटमध्ये एखादा व्हॉल्व्ह उघडा राहून दांडीवर गंजलेला असतो, आणि जोराने फिरवले की पुशरॉड वाकतो. इंजिन जाम नसेल तरीही हेच लागू. बेअरिंगच्या पृष्ठभागावरचा गंज कोरड्या अवस्थेत फिरला की वाळूसारखे काम करतो.

प्लग काढा, आत शिरणारे पातळ तेल ओता आणि काही दिवस थांबा. अधूनमधून क्रँकच्या टोकाला पाना लावून हलक्या हाताने दोन्ही दिशांना किंचित हलवून पाहा. हलत नसेल तर हेड काढा, सिलिंडर बाहेरून गरम हवेने कोमट करा आणि पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू ठोका. हातोडा थेट पिस्टनवर कधीच नको. घाई झाली की इथेच सिलिंडर जातो, आणि जुन्या इंजिनात सिलिंडर हाच परत न मिळणारा भाग असतो.

"फिरतेय, आवाजही नाही, मग पूर्ण उघडायचे कशाला?" हा आक्षेप नेहमी येतो, आणि तो गैरवाजवी नाही, कारण केस उघडली की मजुरी वाढते. पण विचार करा. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये तेलाचा साठा नसतोच. पेट्रोलबरोबर आलेल्या तेलाचा पातळ थर तेवढा असतो, तो काही काळात ओघळून खाली जातो. पावसाळ्यात दिवसरात्रीच्या तापमानफरकाने आत दव धरते आणि बेअरिंगचा वरचा भाग उघडा पडतो. बुलेटमध्ये तेल असते, पण जुन्या तेलात पाणी आणि जळणातून आलेली आम्ले मिसळलेली असतात. शिवाय हाताने फिरवताना बेअरिंगवर भार नसतो, त्यामुळे डाग जाणवत नाहीत. ते जाणवतात हजारो फेऱ्यांवर, मनोर रस्त्यावरचा घाट चढताना. बंद खोलीत, कोरड्या जागी, तेल घालून ठेवलेले इंजिन असेल तर फक्त वरचा भाग उघडून भागेल. ताडपत्रीखाली उघड्यावर असलेल्याला ही सवलत देऊ नये.

उघडल्यावर काय मोजायचे

केसचे दोन भाग वेगळे करताना सांध्यात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. एक ओरखडा आणि ती केस कायमची गळते. पुलर वापरा, बेअरिंग काढता-बसवताना केस साधारण १०० अंशांपर्यंत गरम करा. बुलेट असेल तर टायमिंगच्या बाजूला क्रँकवर जो वर्म नट आहे त्याचे आटे डावे असतात. तो नेहमीच्या दिशेने सोडायला गेलात तर उलट घट्ट होऊन आटे जातात. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा आणि शिम कोणत्या बाजूची ते चिठ्ठीवर लिहा.

सिलिंडर बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक उंचीवर काटकोनातल्या दोन दिशांना मोजा. मूळ आकार ठाऊक हवा: जावा २५० चा बोअर ६५ मि.मी., बुलेट ३५० चा ७०, आरएक्स १०० चा ५०. उभ्या गाडीत झीज बहुधा कमीच निघते, पण पिस्टन जिथे वर्षानुवर्षे थांबला होता तिथे रिंगांच्या रेषेत गंजाचे खड्डे दिसतात. तो खड्डा नखाला लागत असेल तर होनिंगने जाणार नाही, पुढच्या मापाचा बोअर करावा लागेल. मापे साधारण ०.२५ मि.मी.च्या टप्प्याने वाढतात. आपले सिलिंडर आधीच शेवटच्या मापावर असेल तर स्लीव्ह, म्हणजे आत बसवायची नवी नळी. पण टू-स्ट्रोकमध्ये स्लीव्हला पोर्ट जुळवून कापावे लागतात, आणि ते काम केलेल्या माणसाशिवाय कोणाच्या हातात देऊ नये.

क्रँककडे सर्वाधिक वेळ द्या. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहा. त्या दिशेला ढिलाई अजिबात चालत नाही. बाजूला थोडी हालचाल असतेच, तिला घाबरू नका. मग मेन बेअरिंग धुऊन, कोरडी करून बोटाने फिरवा. खरखर लागली किंवा तपकिरी रेषा दिसल्या तर विचार न करता बदला. बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असतो आणि त्या क्रमांकाची चांगल्या कंपनीची बेअरिंग बोईसरच्या औद्योगिक दुकानांत मागता येते. 'मोटरसायकलची' म्हणून डब्यात मिळणारी घेण्याची गरज नाही. क्रँकसाठी क्लिअरन्स कोणता, सी-३ की साधा, हे मात्र जुन्या बेअरिंगवर वाचून तेच मागा. नवा रॉड बसवून क्रँक पुन्हा दाबला की डायल गेजखाली फिरवून दोन्ही टोकांचा फरक पाहायला सांगा. तो ०.०३ मि.मी.च्या आसपास किंवा कमी हवा. हे मोजून न दाखवणाऱ्याकडून क्रँक परत घेऊ नका.

ऑईल सील स्वस्त, म्हणून दुर्लक्षित. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस स्वतःच पंप असतो, दोन टोकांचे सील गळले की पंप बिघडतो. गिअरच्या बाजूचे सील गेले तर गिअरचे तेल ओढले जाऊन पांढरा धूर येतो. मॅग्नेटोच्या बाजूचे गेले तर फुकटची हवा शिरते, मिश्रण पातळ होते आणि नवा पिस्टन सीझ होतो. दोष मात्र बिचाऱ्या बोअरवाल्यावर जातो. सील मापावर मिळतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. जुने सील वरवर ठीक दिसले तरी बदलाच. वर्षानुवर्षे पडून राहिलेले रबर कडक झालेलेच असते.

धुलाईतले धोके

तारापूर एमआयडीसीच्या आसपास रसायने सहज मिळतात, म्हणून हा मुद्दा आपल्याकडे जास्त महत्त्वाचा. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो. लोखंडी भागाची काजळी त्यात सुटते हे खरे, पण त्याच बादलीत केस किंवा हेड बुडवले तर आटे आणि बेअरिंगच्या जागा कायमच्या जातात. गंज काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले तर भाग चकचकीत निघतो आणि इथल्या हवेत तासाभरात पुन्हा तांबडा होतो. कडक पोलादाचे भाग तर त्याने ठिसूळ होऊ शकतात. वाळूचा मारा करून केस नवी दिसते, पण वाळूचा कण तेलाच्या बारीक वाटेत बसला तर बुलेटचा बिग एंड संपला. घासलेट, ब्रश आणि वेळ, एवढ्याने काम होते. बोअर केलेले सिलिंडर मात्र घासलेटने स्वच्छ होत नाही. गरम पाणी आणि साबणाने, पांढरे फडके काळे होणे थांबेपर्यंत धुवा आणि लगेच तेल लावा.

लेथवर जाताना

आधी पिस्टन, मग बोअर. हा क्रम मोडू नका. 'पुढच्या मापाचा बोअर करून ठेवा, पिस्टन मागून आणतो' असे सांगितले की हाती येणाऱ्या पिस्टनचे माप काहीही असू शकते. पिस्टन गोल आणि सरळ नसतो. तो किंचित अंडाकृती आणि वरच्या बाजूला निमुळता असतो. म्हणून तो खालच्या कडेजवळ, पिनच्या काटकोनात मोजायचा, आणि पिस्टनच्या कंपनीने किंवा दुरुस्ती पुस्तिकेने सांगितलेली जागा त्यात मिळवून बोअरचा आकडा कागदावर लिहून द्यायचा.

"इथे एवढे कारखाने, सीएनसी यंत्रे, मग मुंबईला कशाला जायचे?" असे विचारले जाते. जायची गरज नाही, पण यंत्राची अचूकता आणि इंजिनाची समज या दोन गोष्टी आहेत. टू-स्ट्रोकच्या पोर्टच्या कडा बोअरनंतर हलक्या घासाव्या लागतात, नाहीतर रिंग अडकते. हे उत्तम फिटरलाही इंजिनाचे काम केलेले नसेल तर माहीत नसते. सातपाटी, मुरबे, दांडी या किनाऱ्यावरच्या गावांत बोटींची इंजिने बांधणारे कारागीर आहेत. खाऱ्या हवेतला गंज आणि रुतलेले स्टड काढणे हे त्यांच्या रोजच्या हाताखालचे काम आहे. क्रँक आणि बोअर जाणत्या लेथवर, रुतलेले आटे अशा हातात, अशी विभागणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. बुलेटच्या जुन्या इंजिनात ब्रिटिश मापाचे आटे असतात. त्यात मेट्रिक बोल्ट दोन फेरे जातो आणि मग केसच फाडतो. आटे गेलेच असतील तर मोठा बोल्ट ठोकण्याऐवजी हेलिकॉइल (तारेचा आटा) बसवून घ्या.

सुटे भाग आणि 'दुसरे इंजिन'

शोरूमच्या नावावर जाऊ नका. मैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०१८ पासून विकली जाणारी नवी जावा आणि २०२२ पासूनची येझदी यांची इंजिने वेगळी, फोर-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारी. त्यांचा एकही इंजिनभाग जुन्याला बसत नाही. बुलेटचेही तसेच. गिअरबॉक्स वेगळा असलेले बिडाचे जुने इंजिन आणि नंतरचे एकसंध इंजिन यांचे भाग मिसळत नाहीत. कुर्ला आणि पुण्यातली नाना पेठ इथे जुन्या भागांची दुकाने आहेत, जावा-येझदी मालकांचे गटही मदत करतात. तरीही माझा आग्रह असा की मोजमापात बसणारा मूळ भाग बदलू नये. मूळ गिअर, मूळ केस, मूळ कार्बोरेटर बॉडी यांचे धातुकाम बहुतेक नव्या नकलांपेक्षा सरस असते. बदलायचे ते बेअरिंग, सील, गॅस्केट, रिंगा, पॉइंट आणि कंडेन्सर.

बाजारातून दुसरे पूर्ण इंजिन आणणे वरवर स्वस्त वाटते. पण तेही कुठेतरी उभेच होते, म्हणजे तुम्ही ओळखीचा गंज देऊन अनोळखी गंज घेता. वर कायद्याचे काम वाढते: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलल्याची माहिती १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यावी लागते. विक्रेत्याची सही असलेली पावती आणि त्या इंजिनाच्या मूळ गाडीचे कागद नसतील तर चोरीचा माल बाळगल्याचा ठपका तुमच्यावर येऊ शकतो. क्रमांक घासून पुन्हा पाडून देणाऱ्यापासून तर दूरच राहा.

गॅरेजशी लेखी व्यवहार आणि तुमचे हक्क

'होईल तेवढे बघू' या बोलीवर इंजिन सोडू नका. उघडून मोजण्याची मजुरी वेगळी ठरवा आणि मोजमाप पाहिल्यावरच पुढचा अंदाज घ्या. साध्या कागदावर एवढे लिहून दोघांच्या सह्या असाव्यात:

- इंजिन क्रमांक आणि ताब्यात दिलेल्या भागांची यादी;
- मोजलेले आकडे, कोणता भाग बदलणार आणि कोणत्या कंपनीचा;
- काढलेले सर्व जुने भाग परत मिळतील, ही अट. ते तुमच्या मालकीचे आहेत.

मजुरी थकली तर गॅरेजवाला इंजिन अडवून ठेवू शकतो. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम १७० त्याला तो हक्क देते. पण तो त्याच कामाच्या पैशांपुरता, दुसऱ्या कुठल्या उधारीसाठी नव्हे. ताब्यात असलेल्या वस्तूची वाजवी काळजी घेणे हे कलम १५१ प्रमाणे त्याचे कर्तव्य आहे. केस उघडी टाकून पावसात गंजली तर जबाबदारी त्याची. काम सदोष झाले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर बोला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहारात तिला शुल्क नाही. लेखी कागद आणि जुने भाग हाच तिथे तुमचा पुरावा.

सुरू केल्यावर

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढते, जुनी रबरी नळी आणि सील फुगवते, टाकीतला जुना लेप सोडवते. नळी आणि कार्बोरेटरचे सील इथेनॉल सोसणारे घ्या, क्रँकचे सील शक्य तर व्हायटनचे. पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोकला पुस्तिकेप्रमाणे लिटरला ४० ते ५० मिली लागते. आजच्या तेलाच्या डब्यावरचे कमी प्रमाण नव्या बोअरला देऊ नका. पहिल्या दिवशी काही मिनिटे चालवून पूर्ण थंड होऊ द्या, असे दोन-तीनदा करा, मग हेडचे नट पुन्हा तपासा. बुलेटचे तेल पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरांतच बदला. पहिले हजार किलोमीटर एकाच वेगाने लांब पळवू नका, चिल्हारपासून महामार्गावर तर नकोच.

जूनमध्ये गाडी पुन्हा उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करा, प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून इंजिन हाताने दोन-तीन फेरे फिरवा, सायलेन्सरच्या तोंडाला तेलकट बोळा लावा, आणि बोळा लावल्याची चिठ्ठी किल्लीला बांधा. दर पंधरवड्याला ते दोन-तीन फेरे पुन्हा फिरवा. पाच मिनिटे चालू करून बंद करणे मात्र टाळा, कारण त्याने इंजिन पुरते तापत नाही आणि जळणातले पाणी आतच राहते.